तळहात, टाचा आणि सिल्कचं काउंटर

२ मार्च, सोमवार
आज दुकानात माझा अपमान झाला. म्हणजे मी तो मानला नाही, हा माझा मोठेपणा.

मालकांची सोमवारची चाचणी. दुकान उघडायच्या आधी मालक शिफॉनचा एक जुना तुकडा घेतात आणि सिल्कच्या काउंटरवरच्या माणसांच्या तळहातांवरून फिरवतात. आम्ही चपला काढून गादीवर बसतो, म्हणून टाचांवरूनही. तुकडा अडकला की तो माणूस धागे ओढणार, हे त्यांचं शास्त्र. मखमलच्या हातावरून तुकडा सुळकन गेला. (मखमल म्हणजे माझ्या शेजारचा सेल्समन. त्याचे हात तसे आहेत म्हणून हे नाव. माणूस तसा बरा आहे.) माझ्या तळहातावर अडकला. टाचेवरून तर मालकांना सोडवून घ्यावा लागला. सगळे हसले. मीही हसलो, नाहीतर लागलं असं वाटलं असतं.

मालक म्हणाले, यंदा तुमच्याकडून फार धागे ओढले जातायत, लग्नाचा सीझन तोंडावर आलाय. महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत हात सुधारा, नाहीतर टॉवेल-चादरीच्या काउंटरला जा.

टॉवेल! अख्खी हयात सिल्क दाखवण्यात गेली. थान, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, हवेत उडवून एका झटक्यात गिऱ्हाइकापुढे पसरावं तर मीच. गल्लीत मला सिल्कवाले काका म्हणतात. टॉवेलवाले काका कसं वाटेल?

माझ्या मते तुकडाच खराब आहे. तरी संकल्प: उद्यापासून त्वचा.

३ मार्च
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी तो कपडे धुवायचा साबण अंगाला लावणं बंद करा, गेल्या वर्षापासून कानीकपाळी ओरडतेय. मी तिला समजावलं की एका घरात तीन तीन साबण ही उधळपट्टी आहे आणि मळ तो मळ, शर्टाचा काय अन् पाठीचा काय. बायकांचं असंच. मूळ प्रश्न बाजूला, साबणावर येऊन बसतात.

प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडवणार. फक्त एक वस्तू घ्यायची. योग्य ती.

४ मार्च, रात्री
जेवणाच्या सुट्टीत समोरच्या कॉस्मेटिकच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, स्किन कशी आहे, ड्राय, ऑइली, कॉम्बिनेशन की सेन्सिटिव्ह? मी सेन्सिटिव्ह म्हणालो. ऐकायला चांगलं वाटतं.

तिने आधी सगळ्यात महाग क्रीम काढलं, मग मधलं. ही आमचीच युक्ती. आधी महाग थान उघडायचं म्हणजे मधलं स्वस्त वाटतं. मी ताबडतोब ओळखलं आणि मनातल्या मनात हसलो. मला कोण गंडवणार? मधलं घेतलं.

सोबत बॉडी वॉश, लूफा, हँड क्रीम आणि फूट क्रीमही घेतलं, कारण ती म्हणाली की एकट्या क्रीमचा उपयोग नसतो. ते मला पटलं. एकट्या सिल्कचा तरी कुठे असतो, अस्तर लागतंच.

पिशवी घरी चपलांच्या कपाटात ठेवली. बायकोला योग्य वेळी सांगेन.

५ मार्च
फूट क्रीमच्या डबीवर युरिया लिहिलंय. हे शेतात टाकतात ना? बाईंकडे जाऊन विचारलं. ती म्हणाली, टाचांसाठी तेच उत्तम. परत आलो. पुन्हा गेलो, काही उगवणार तर नाही ना, हे विचारायला. ती हसली. मीही विनोदच केला होता, असं दाखवलं.

७ मार्च
लूफा हे प्रकरण वाईट आहे. अंग चोळून चोळून लाल झालं. शर्ट घालवेना. दुकानात दिवसभर खांदे उचलून फिरलो. मालकांनी विचारलं, थंडी वाजतेय का? हो म्हणालो. त्यांनी पंखा बंद केला. सगळे घामाने भिजले आणि माझ्याकडे बघत राहिले.

९ मार्च, सोमवार
चाचणी. तुकडा अडकला, पण माझ्या मते कमी अडकला. मालकांना फरक दिसला नाही. नजर कमी झालीय त्यांची.

आज स्वस्थता नाही. बसलो की तळहात एकमेकांवर घासून बघतो. उठलो की टाच पायरीवर घासून बघतो. गिऱ्हाईक म्हणालं, घाईत आहात का?

१० मार्च
घरी पडद्यावर हात फिरवून बघितला. अडकला. बायकोच्या स्कार्फवर फिरवला. अडकला, आणि धागा निघाला. स्कार्फ घडी करून कपाटात सगळ्यात खाली ठेवला.

संकल्प: स्वतःचं परीक्षण आठवड्यातून एकदाच.

१० मार्च, संध्याकाळी
रुमालावर फिरवून बघितला. अडकला.

१२ मार्च
कॉस्मेटिकवाल्या बाईंनी मला ओळखलं. आता स्किन कशी ते न विचारता नुसतं या म्हणते. बॉडी बटर दिलं. त्यात लोणी नसतं, हे बायकोला सांगून ठेवायला हवं होतं. तिने ते कपाटात बघून फ्रीजमध्ये ठेवलं. दगड झाला. हातात विरघळेपर्यंत दुकानाची वेळ झाली.

तर अशा रीतीने बायकोला सगळं कळलं. सगळ्या बाटल्या टेबलावर मांडल्या. तिने एकेकीवरची किंमत वाचली. मग म्हणाली, तुम्हाला खरंच काढतील का हो सिल्कवरून? मी म्हणालो, छे! तिने साबणाचा विषय पुन्हा काढला. मी बॉडी वॉशकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, वॉश झाल्यावर वर तो साबण लावताच की. लावतो. स्वच्छ वाटायला नको?

१४ मार्च
नवा शोध: टाचांसाठी प्लॅस्टिकचे मोजे. आत औषध असतं. तासभर घालून बसायचं, काही दिवसांनी जुनी कातडी आपोआप निघते, आत बाळाची टाच. बाईंनी कधी निघेल ते सांगितलं होतं, पण तेव्हा मी टाचा घासायच्या वजरीचे भाव बघत होतो.

१९ मार्च
निघाली.

गादीवर बसून काळं सॅटिन दाखवत होतो. नवऱ्या मुलीची मावशी म्हणाली, हे पांढरं पांढरं काय पडतंय? बघतो तर टाचेची कातडी. कांद्याची सालं सुटावीत तशी सुटत होती. मी म्हणालो, पॅकिंगमधलं आहे, नव्या मालाला असतंच. मावशीने एक तुकडा उचलून उजेडात धरला. मग हात पुसला आणि मखमलकडे गेली. त्यानेच ते सॅटिन विकलं, झटकून.

मालकांनी नुसती गादी झटकून घेतली. हे जास्त वाईट.

२० मार्च
दुकानात मोजे घालून बसलो. मोजे गादीवरून घसरतात. दोनदा आडवा झालो. कातडी मोज्यांत साठते. संध्याकाळी झटकली तर बायको म्हणाली की हे बाल्कनीत करा.

आज थोडी भीती वाटली. टॉवेलच्या काउंटरवर बसणारा माणूस तिथे आला तेव्हा तरुण होता. तिथून कोणी परत आलेलं मी बघितलेलं नाही. पण माझं प्रकरण वेगळं आहे.

२१ मार्च
कपड्यांचा साबण सोडला. बायको म्हणते म्हणून नाही. संपला होता.

२३ मार्च, सोमवार
चाचणी. टाचा पास! नव्याच आहेत म्हटल्यावर होणारच. तळहात थोडे अडकले. मालक म्हणाले, सुधारणा आहे, एवढंच ठेवा, आता जास्त काही करू नका.

म्हणजे आता जोर लावला पाहिजे.

२४ मार्च
योजना: सकाळी स्क्रब, मग बटर, मग हँड क्रीम. जेवणानंतर पुन्हा. झोपताना पेट्रोलियम जेली चोपडून रबरी हातमोजे. बायको म्हणाली, पुरे आता, हात झालेत की चांगले. कौतुकात शत्रूचा हात असतो, असं मी मानतो. तिला म्हणालो नाही.

२७ मार्च
हात अप्रतिम. दाराची मूठ फिरत नाही, गोल गोल हात फिरतो. चहाचा कप निसटला. फुटला, पण आनंदच झाला. बायकोला झाला नाही. नोटा सुट्या होत नाहीत, बसमध्ये कंडक्टरने माझ्या हातातून मोजून घेतल्या. स्वतःचाच हात हातात घेऊन बघत राहावा असा झालाय.

मखमलला दाखवला. तो म्हणाला, थान धरून धरून पडलेला अंगठ्याचा घट्टा कुठे गेला? मी म्हणालो, घासून काढला. तो अरे अरे म्हणाला. जळतो.

३० मार्च, सोमवार. सकाळी
पास! तुकडा तळहातावर टिकलाच नाही, घरंगळून खाली पडला. मालकांनी उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. म्हणाले, वा. बायकोला फोन केला. ती म्हणाली, सुटले बाई. तिला एवढी काळजी होती, हे मला माहीत नव्हतं.

सीझनचं पहिलं मोठं गिऱ्हाईक मालक मलाच देणार आहेत. आखूडशिंगी, बहुदुधी गिऱ्हाईक. अख्खं कुटुंब येतंय.

३० मार्च, रात्री
लिहितो.

कुटुंब आलं. पुढे बसलं. मी सगळ्यात भारी थान घेतलं, मोती रंगाचं, आणि नेहमीसारखं उडवलं. उडवताना अंगठ्याने शेवटची कड धरायची असते. धरली. म्हणजे मला वाटलं धरली. थान हातातून निघालं, गादीवरून उतरलं, उलगडत उलगडत दारापर्यंत गेलं. दारात पाणीवाला जार घेऊन उभा होता. तो मागे सरकला आणि जार कलला. नवऱ्या मुलीची आई उभी राहिली.

मी दुसरं थान घेतलं. तेही गेलं.

मालकांनी स्वतः ओलं कापड गोळा केलं. मग मला आत बोलावून हळू आवाजात म्हणाले, हात मऊ झाले हो तुमचे, पण कामातून गेले.

संध्याकाळी मखमल आला. म्हणाला, माझे हात असेच आहेत, म्हणून मला कधी थान उडवता आलं नाही, मी नुसतं टेबलावर सरकवतो. इतकी वर्षं तुमचा अंगठा बघत आलो. मला वाटायचं, तेवढा एक असता तर. मी अंगठा मुठीत घेतला.

३१ मार्च
टॉवेलच्या काउंटरवर. तात्पुरतं आहे. नवीन दृष्टीची गरज होती म्हणून मला पाठवलंय, असं शेजारणीला सांगितलं. बायकोने ऐकलं, पण खोडून काढलं नाही.

घट्टा परत यायला किती दिवस लागतात, हे कॉस्मेटिकवाल्या बाईंना विचारलं. ती म्हणाली, तसलं प्रॉडक्ट आमच्याकडे नाही.

२ एप्रिल
टॉवेल बरे असतात. हातातून जात नाहीत. आज बरेच विकले. सिल्ककडे एकदाही बघितलं नाही.

बघितलं. दिवसभर तिकडेच बघत होतो. मखमल मोती रंगाचं थान टेबलावर सरकवत होता, हळूहळू, आणि गिऱ्हाईक घेत होतं.