मेंढीच्या कानातला अँटेना

६ जुलै
नांदेडला जाऊन मोजून आले. ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या, शाईने छापलेला आमचा अँटेना. मायक्रोवेव्ह सोडले की बरीचशी लहर शाईतच मुरते, बाहेर पडते ती नावाला. वारंवारिता वाढवत नेली तरी लहर अडण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच. सपाट रेघ. म्हणजे लहरी अडवायला ही शाई उत्तम. अँटेनाला नाही.
मला रेघ आवडली. सरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी, आलेख बघून तोंड असं केलं, जणू ताटात केस निघाला.
"हे कोणतं जर्नल छापणार?"

९ जुलै
सरांनी परस्पर ठरवलं. विद्यापीठाचे पाहुणे येणार, प्रात्यक्षिक आमच्या गावी, नरसीजवळ, आबांच्या मेंढरांवर. कानात बिल्ला, बिल्ल्यात छापील अँटेना. हातातल्या रीडरने लांबून नंबर वाचायचा.
म्हटलं, सर, आपला बिल्ला वीतभरावरूनच वाचता येतो.
"तू मेंढ्यांचं बघ. बिल्ले मी आणतो."
आबा खूष. लेकीचं शिक्षण मेंढरांच्या कामी आलं म्हणून.

१४ जुलै
झालं. सर बाभळीखाली, मेंढरं पार कुंपणाशी. रीडर वाजला. टाळ्या. असं होऊच शकत नाही.
पाहुणे चहाला वळले तसा एक उरलेला बिल्ला नखाने खरवडला. काळ्या शाईखाली तांबं.
सरांना बाजूला घेऊन विचारलं. हसले.
"वरून ग्राफीन आहेच की. खोटं काय त्यात?"
मग मायच्या हातची भाकरी खाल्ली, ठेचा पुन्हा मागितला. आबांच्या खांद्यावर थाप. किळस. दुसरा शब्द नाही.

१९ जुलै
पेपर जर्नलला गेलासुद्धा. मला विचारलं नाही. आलेख तांब्याचा, मथळा ग्राफीनचा, पहिलं नाव माझं. एक पान वाचलं आणि बेसिनवर जाऊन ओकले.

२३ जुलै
गावी. थोरल्या मेंढीचा कान सुजलेला, बिल्ल्याच्या भोकात अळ्या. आबांनी मुंडकं मांडीत धरलं, मी टर्पेंटाईन ओतून चिमट्याने एकेक काढली. वास अजून नाकात.
आबा म्हणाले, "बाकीच्यांना कधी लावतीस? म्या आवंदा वळखायला रंगाची खूणच केली न्हाई. शेजारच्यालाबी सांगितलं, नको करू म्हून."
मग राहवलं नाही. सांगून टाकलं. आबा, ते बिल्ले आमच्या शाईचे नव्हते. आत तांबं होतं.
"तांब्याचा चालतो तर तांब्याचाच लाव की."
लावता येतो. बाजारात मिळतो, आधीपासून.
आबांनी मेंढीचं मुंडकं सोडलं. "मंग तुमी काय शोधलं? अन् या मुक्या जनावराचा कान काहून टोचला?"
शोधलंय, आबा. वेगळंच निघालं, लहरी अडवणारी शाई. ते सर दाखवत नाहीत.
"तू दाखव."
एवढं बोलून मेंढी घेऊन गेले. जेवण झाल्यावर शेजारच्याला सांगायला गेले, बिल्ले येणार नाहीत, खूण करून घे म्हणून, मान खाली घालून. ते बघवलं नाही.

२५ जुलै
संपादकांना मेल लिहिला. माझं नाव काढा, हा आलेख आमच्या शाईचा नाही. सोबत नांदेडची मोजमापं. पाठवण्याआधी सरांना फोन केला. वाटलं, पेपर घेतील मागे.
"तुमच्या घरात पहिलीच पीएचडी ना? बघ बाई." आवाज अगदी गोड. लाळ टपकावी तसा.
पाठवला.

३० जुलै
पेपर थांबवलाय. संपादक दोघांकडूनही नमुने मागतायत, तिसरीकडे मोजून घेणार. सर विभागात सगळ्यांना सांगतायत, नमुन्यांची सरमिसळ हिनेच केली. "मेंढरांत वाढलेली पोरगी" हेही म्हणाले म्हणे. ऐकून हसणाऱ्यांत माझ्या शेजारच्या टेबलावरचे दोघे होते. त्यांच्यासोबत डबा खाते मी. खात होते.
माझे छापलेले नमुने कपाटात नाहीत. विचारलं तर कोणालाच काही माहीत नाही.
कळमनुरीला फोन केला. लग्नपत्रिका छापणारे काका, त्यांच्याकडेच आम्ही शाई छापून घ्यायचो. म्हणाले, "तुमच्या नक्षीची छपाईची जाळी धुतली का न्हाई ते बघावं लागंल. या तुमी."
शाई बाटलीच्या तळाला आहे थोडी. एखादा अँटेना निघेल, नाहीतर तोही नाही. सकाळच्या एसटीने जाते.