थोरला जावई

मुंबई, १० ऑक्टोबर १९५७

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्या वैजीनाथचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे क्षेम. तुमच्या हुकमाप्रमाणं आपल्या कोकिळेसाठी सांगून आलेला मानवतचा बन्सीधर पाहिला. समुद्रकाठच्या मत्स्यालयात नोकरीला आहे. काचेच्या हौदांतल्या माशांना हा वेळेवर जेवू घालतो. एक मासा तर थेट आपल्या पटवाऱ्यासारखा तोंड उघडून थांबला होता.

मुलगा निर्व्यसनी आहे. पोरीलाही पसंत, असं वहिनींनी कळवलंय. तुमचा खाण्यापिण्याचा सवाल विचारला, तर म्हणाला, रविवारी मासे खातो. खोटं बोलला असता तर सोयरीक जमलीच होती. आपण माळकरी, तुमचा नकार मला इथपर्यंत ऐकू आला.

पण पुढं ऐका. शेवटच्या दालनात दगड झालेले जुने जलचर ठेवलेत. एका पेटीत काळा गोटा, आत चक्रासारखं वेटोळं. मी सवयीनं चपला काढून हात जोडले, तर पहारेकरी हसला. दादा, आपल्या देवघरातला शाळिग्रामच तो. बन्सीधर म्हणाला, हा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्रातला प्राणी, इथं बाजारात माकूळ नावाची मासळी मिळते तिचा नातलग; बारके जलचर खाऊनच जगायचा.

दर कार्तिकात तुम्ही अंगणातली तुळस ह्यालाच देता, कन्यादान स्वतः करता. तेव्हा खाणंपिणं विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

वहिनींस सा. न. रागावलात तरी लोभ आटू देऊ नये.

आपला आज्ञाधारक,
वैजीनाथ

वालूर, १८ ऑक्टोबर १९५७

चि. वैजीनाथ यास व्यंकटरावाचे आशीर्वाद.

तुझं पत्र माझ्या हाती यायच्या आधी तुझ्या वहिनीनं सगळ्या घराला वाचून दाखवलं. निजामाच्या राज्यात समुद्र नव्हता, तेच बरं होतं. गेल्या साली मुंबई राज्यात गेलो अन् समुद्र थेट देवघरात शिरला.

आधी तुला पोटभर शिव्या दिल्या. पण पूजेला बसलो की ते वेटोळं माझ्याकडंच बघायलंय. काल कोकिळेनं नैवेद्य आणला, शाळिग्रामापुढं ठेवला अन् म्हणाली, देवा, आज वरणभातच हाय, चालवून घे. तुझी वहिनी पदर तोंडात धरून हसली. मला हसू फुटायच्या आत मी उठलो.

तर तुळशीच्या लग्नाला बन्सीधरला घेऊन ये. थोरल्या जावयाला इतकी वर्षं काही विचारलं न्हाई, धाकट्यालाच विचारणं बरं दिसत न्हाई. फक्त एक ताकीद दे. काय खाल्लं, ते थोरला आमच्या घरात कधी बोलत न्हाई. धाकट्यानंही तेवढं शिकावं.

लोभ हाय तेवढा पुरे, वाढवू नको.

व्यंकटराव