साती आसरांचे खोटे दगड माझ्या प्लॉटवरून हटविण्याबाबत

दि. ९ जुलै २०२५

प्रति,
मा. सहायक आयुक्त साहेब,
बांधकाम परवानगी व अतिक्रमण कक्ष,
प्रभाग कार्यालय क्र. १७,
छत्रपती संभाजीनगर.

विषय: कॉलेजच्या पोरांनी गाण्याच्या व्हिडिओसाठी मांडलेले सात दगड हे देवस्थान नसल्याबाबत, आणि ते हटवून माझ्या घराचे थांबविलेले बांधकाम सुरू करू देण्याबाबत.

संदर्भ: १) माझा अर्ज दि. १२ मे २०२५ (उत्तर नाही).
२) माझा अर्ज दि. २ जून २०२५, सोबत पेन ड्राइव्ह.
३) आपले पत्र दि. २४ जून २०२५ (हे आले नसते तर बरे झाले असते).

महोदय,

१. मी खाली सही करणार रामकिसन भानुदास वाघचौरे, वय एकसष्ट, निवृत्त फिटर, राहणार उस्मानपुरा, विनंतीपूर्वक कळवितो की, चिकलठाणा शिवारातील प्लॉट क्र. ३१ माझ्या मालकीचा असून त्यावर घर बांधण्याची परवानगी आपल्याच कक्षाने दिलेली आहे. पाया खणून झाला आहे. पाण्याच्या हौदाचा खड्डाही झाला आहे. सध्या मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि घरमालकाने त्या दिवाळीपर्यंत रिकाम्या करायला सांगितल्या आहेत. माझी पत्नी मालनबाई हिने लग्न झाल्यापासून खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात रांधले. तिला खिडकीचे स्वयंपाकघर देणे, एवढे एकच काम माझ्या हातून व्हायचे राहिले आहे. ते आपल्या कक्षाने थांबविले आहे.

२. माझा मुलगा सुयश हा शहरातील एका महाविद्यालयात पत्रकारितेचे शिक्षण घेतो. त्यांना परीक्षेसाठी एका लोकगीताचा व्हिडिओ करायचा होता. गाणे असे हवे होते की जे कोणत्या पोथीत नाही, ज्याला पुजारी नाही, मंदिर नाही. मालनबाईला तिच्या माहेरचे साती आसरांचे गाणे येते. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. विहिरीच्या नाहीतर ओढ्याच्या काठाला सात दगड मांडून, शेंदूर लावून बायका त्यांना पुजतात, मूलबाळ होण्यासाठी हिरव्या बांगड्या आणि खण वाहतात. ‘सात जणी आम्ही बहिणी, पाण्याखाली घर गं, कुणी मारा हाक एकदा, येऊ काठावर गं’ असे ते गाणे आहे. मालनबाईने ते मोबाइलवर गाऊन दिले. ती गाते चांगली, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळले, पण तो या अर्जाचा विषय नाही.

३. फेब्रुवारी महिन्यात शूटिंग झाले. ओढा शोधायला लांब कुठे जाता, आपला हौदाचा खड्डा आहे की, असे मीच म्हणालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मीच टँकर मागवून खड्डा भरला. सात दगड पायाच्या खोदकामात निघालेल्या ढिगातले आहेत. त्यांना जो शेंदूर दिसतो तो शेंदूर नसून गेटसाठी आणलेला नारिंगी ऑइल पेंट आहे. तो माझी मुलगी सोनिया हिने, जी लग्न होऊन लासूर स्टेशनला असते आणि त्या दिवशी हौसेने मदतीला आली होती, दोन इंची ब्रशने लावलेला आहे. लावताना ती इतकी हसत होती की तिसऱ्या दगडाचा रंग खाली ओघळला. तो ओघळ आजही आहे, आणि भाविक त्याला देवीचा घाम म्हणतात.

४. शूटिंग संपले तेव्हा मी दगड उचला म्हणालो. कॅमेरा धरणारा प्रणय म्हणाला, काका, एक शॉट राहिलाय, चार दिवस राहू द्या. शॉट आजतागायत राहिलेलाच आहे. प्रणयला पहिला नंबर मिळाला, तो पुण्याला गेला.

५. मधल्या काळात सेंट्रिंगवाले होळीला गावाकडे गेले आणि काम बंद होते. मी महिन्याने प्लॉटवर गेलो तर दगडांपुढे नारळ, लिंबं, हिरव्या बांगड्यांचा ढीग! शेजारच्या गोडाऊनच्या वॉचमनला विचारले तर तो मलाच म्हणतो, ‘काका, चपला भायेर काढा, लई कडक हाय जागा.’ साहेब, माझा प्लॉट. माझा सातबारा. आणि चपला मी काढू?

६. त्यानंतर काकासाहेब नावाचे एक प्लॉटचे दलाल उगवले. माझ्यामागचे त्यांचे अकरा प्लॉट पाच वर्षे कुत्रं विचारत नव्हतं. त्यांनी माझ्या जागेत मला न विचारता पत्र्याचे शेड मारले, दानपेटी ठेवली आणि ‘जागृत साती आसरा देवस्थान, पाच मंगळवार करा, ओटी भरा’ असा फ्लेक्स लावला. त्यावर स्वतःचा फोटो देवीपेक्षा मोठा आहे. आता त्यांचे प्लॉट ‘देवस्थानाला लागून’ म्हणून विकले जात आहेत. मी जाब विचारला तर म्हणतात, ‘वाघचौरे, तुम्ही नशीबवान माणूस. देवीनं तुमच्या पोराच्या हातून सोताला बसवून घेतलं.’ मी म्हणालो, देवी नाही, ऑइल पेंट आहे. त्यावर म्हणाले, ‘म्हनूनच तर पावसात उतरंना.’ अशा माणसाशी काय डोकं फोडायचं, ते आपणच सांगावे.

७. म्हणून मी आपल्याकडे आलो. आपल्या कक्षाचे कनिष्ठ अभियंता स्थळपाहणीस आले. अतिक्रमणाची पाहणी करायला आलेल्या त्या माणसाने टेप काढण्यापूर्वी बूट काढले, हात जोडले, आणि मग मोजमाप माझ्या घराच्या पायाचे घेतले! पत्र्याच्या शेडचे घेतले नाही. जाताना त्यांनी प्रसादाचा नारळ गाडीच्या डिकीत टाकला. मी पाहत उभा होतो.

८. आपण तोंडीच दगड खोटे असल्याचा पुरावा मागितला. देव खरा असल्याचा पुरावा मागतात असे ऐकले होते, खोटा असल्याचा मागितलेला पहिल्यांदाच पाहिला. तरी मी पेन ड्राइव्ह दिला. त्यात पोरांचा अख्खा व्हिडिओ आहे. आता आपले २४ जूनचे पत्र मी इथे जसेच्या तसे उतरवितो, म्हणजे आपल्यालाही एकदा वाचून बघता येईल: ‘सादर केलेल्या चित्रफितीत सदर देवस्थान स्पष्टपणे दिसून येत असल्याने त्याचे अस्तित्व सिद्ध होते. चित्रफितीचे जुनाट स्वरूप व त्यातील महिलेचा पेहराव पाहता सदर स्थळ पुरातन असण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब अंतिम निर्णय होईपर्यंत आपण देवस्थानालगतचे आपले बांधकाम स्थगित ठेवावे.’

साहेब, ते जुनाट स्वरूप म्हणजे प्रणयने मोबाइलमध्ये बोट फिरवून टाकलेला इफेक्ट आहे. पिवळट रंग, मध्ये रेघा, खरखर आवाज. फुकट मिळतो. नऊवारीतील महिला म्हणजे माझी बायको, आणि ती नऊवारी भाड्याने आणली होती. पिक्चर नीट थांबवून बघा, मागे विमान उतरताना दिसते. साठ वर्षांपूर्वी चिकलठाण्याला असलं विमान उतरत होतं का? आपल्या कक्षात एवढी शिकलेली माणसं बसतात, एकालाही विमान दिसलं नाही? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती असे लोक म्हणतात, पण इथे मारुती झाला तो झाला, वर त्याने जागेच्या मालकालाच नोटीस दिली.

९. आणखी एक. आमच्या खोल्यांत नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसते. मालनबाई हंडे भरायला भल्या पहाटे उठते. आणि माझ्या हौदाच्या खड्ड्यात, जो आता ‘पवित्र कुंड’ झाला आहे, काकासाहेबांचा टँकर एक दिवसाआड रिकामा होतो. पाण्यातल्या देवी पाण्याविना कशा राहतील म्हणतात. माणसं राहतात की पाण्याविना! त्यांचं कोणाला काही आहे का?

१०. घरातही मला थारा नाही. सुयश म्हणतो, पप्पा, हा आमच्या व्हिडिओचा इम्पॅक्ट आहे, सरांनी यावर सेमिनार ठेवलाय. त्याला मी काय बोललो ते सरकारी कागदावर लिहिता येत नाही. मालनबाई तर प्लॉटचं नावच काढू देत नाही. म्हणते, ‘मी गाऊन बोलिवलं हाय त्यास्नी. आता मीच कशी जा म्हनू?’ खिडकीचं स्वयंपाकघर नको, इथंच बरं हाय, असंही परवा म्हणाली. हे ऐकून मला जो संताप आला तो आपल्या कक्षावर आला, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

यापुढील मजकुराला क्रमांक देत नाही. क्रमांक देऊन लिहिण्यासारखा तो नाही.

आपलं पत्र आल्यापासून मी ठरवलं होतं की सरकार हलत नाही तर आपण हलायचं. दगड माझे, रंग माझा, जागा माझी. काल मंगळवारी दुपारी पहार आणि दोन रिकाम्या गोण्या घेऊन मी प्लॉटवर गेलो. गर्दी असो की नसो, सगळ्यांदेखत एकेक दगड उपटायचा आणि गोणीत टाकायचा, कोणी आडवं आलं तर पोरांचा व्हिडिओ दाखवायचा, अशा तयारीनं गेलो. टँकरच्या मागच्या बाजूनं आलो, म्हणून मी कोणाला दिसलो नाही.

दगडांपुढं सोनिया बसली होती.

माझी पोरगी, साहेब. डोक्यावरून पदर. समोर खण, नारळ, हिरव्या बांगड्या. दिवाळीला मालनबाईनं दिलेलाच तो खण, मी ओळखला. तिनं एकेका दगडापुढं बांगडी ठेवली आणि प्रत्येक दगडाला डोकं टेकवलं. तिसऱ्यालाही. त्याचा ओघळ तिच्याच ब्रशचा आहे. हे तिला माहीत नाही असं कसं म्हणू? या गावात हे दगड खोटे आहेत हे ज्यांना पक्कं माहीत आहे अशी पाच-सहा माणसं आहेत, त्यातली ती एक. तरी ती आली.

लग्नाला आठ वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात दोघांतही दोष नाही, वाट बघा. सासरचे लोक वाट बघायला तयार नाहीत. तिची सासू काय काय बोलते ते मला मालनबाईकडून कळतं, आणि मालनबाई सगळं सांगत नाही. पोरगी आमच्याकडं आली की हसते, खाते, भावाची थट्टा करते आणि जाते. मी बाप म्हणून कधी विचारलं नाही. अशा गोष्टी बापानं विचारायच्या नसतात असं आमच्याकडं समजतात, आणि मीही तेच समजत आलो, मूर्खासारखा.

ती लासूरहून रेल्वेनं येते, रिक्षा करून चिकलठाण्याला जाते आणि तशीच परत फिरते. माहेर वाटेत असून माहेरी येत नाही. ती गेल्यावर शेडबाहेरच्या नारळवालीला मी विचारलं, तर ती म्हणाली, ‘ती लासूरची ताई व्हय? तिसरा मंगळवार हाय तिचा. लई शांत पोरगी. कुनासंगं बोलत नाय.’

मी पहार टँकरखाली ठेवून दिली आणि परत आलो. पहार अजून तिथंच असेल.

राग मला अजून आहे, हे आपण लक्षात घ्यावं. काकासाहेबांवर आहे, त्या बूट काढणाऱ्या अभियंत्यावर आहे, प्रणयच्या राहिलेल्या शॉटवर आहे. तिच्या सासूवर तर इतका आहे की तिचं नाव या अर्जात घालून आपल्याकडूनच तिला नोटीस काढावी असं रात्रभर वाटत होतं. मी देव मानत नाही. कारखान्यात छत्तीस वर्षं मशीनला कुंकू न लावता मशीन चालवली. दगड हटवलेच पाहिजेत, या मागणीवरून मी एक इंचही मागं येत नाही.

तरी माझ्या मागण्या खालीलप्रमाणे मंजूर व्हाव्यात. सदर सात दगड, पत्र्याचे शेड, फ्लेक्स व दानपेटी आपल्या कक्षाने आपल्या माणसांकडून हटवावी. माझ्या हातून ते होणार नाही. आपल्या दप्तरातील ‘पुरातन’ हा शब्द खोडावा. माझ्या बांधकामाची स्थगिती उठवावी. आणि ही सगळी कारवाई तातडीची असली तरी बुधवार दि. २३ जुलैच्या आधी करू नये. तिचे दोन मंगळवार राहिले आहेत. ते तिला निवांत करू द्यावेत. मध्येच जागा मोकळी दिसली तर ती कोणाला विचारू शकणार नाही आणि कोणाला सांगू शकणार नाही.

या अर्जाचे उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नये. आमच्याकडे आलेली पत्रे मालनबाई सुयशकडून वाचून घेते. मी स्वतः कार्यालयात येऊन घेईन, दिवसभर बसावे लागले तरी बसेन.

आपला, रागात असूनही नम्र,

(सही)
रामकिसन भानुदास वाघचौरे
उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

सोबत:
१) बांधकाम परवानगीची व मंजूर नकाशाची झेरॉक्स.
२) नारिंगी ऑइल पेंटचा रिकामा डबा, एक नग, झाकणासह.
३) पोरांचा व्हिडिओ, पुन्हा एकदा, विमान दिसते त्या जागेची नोंद करून.
४) कालच्या गर्दीचा फोटो. हा जोडलेला नाही. त्यात ती आहे.