घटपर्णीतल्या मुंग्या

४ जुलै
कॉलेजच्या हरितगृहात शिरलं की बाहेर पूर्णेचा बाजार आहे हेच विसरते. हेलिकोनिया डोक्याच्या वर गेलीय. आणि आमच्या राणीसाहेब, घटपर्णी! तीन घडे, तिन्ही झाकणं उघडी. पानाच्या टोकाला मडकं लागावं म्हणजे काय! इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतेय, तरी रोज थांबून बघते.
नवे माळी सोपानकाका चप्पल बाहेर काढून आत आले. आवडलं.

१२ जुलै
दोन घडे काठापासून तपकिरी. ऊन? बुरशी? पुस्तकं चाळून थकले. उन्हाळा काढला बिचारीनं, आणि आता पावसाळ्यात जाणार? जीव थाऱ्यावर नाही.

१६ जुलै
चोर सापडला. लवकर गेले, तर काका घड्यात गवताची काडी सोडून बसलेले.
"काय करताय?"
"मुंग्या बुडायल्यात म्याडम. काढायलोय."
रोज मुंग्या काढायच्या, 'घाण पाणी' ओतायचं, बोअरचं स्वच्छ पाणी भरायचं! मी ओरडलेच, अहो, मुंग्या हेच तिचं जेवण, आणि ते पाणी तिचा पाचकरस!
काकांचा चेहरा उतरला. "मी पंचशील पाळनारा मानूस. रोज वंदनेला म्हंतो, जीव घेनार न्हाई. डोळ्यांम्होरं कसं बुडू द्यावं?"
पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. चूक माझी.

२४ जुलै
दोन घडे गेले, कापले. तिसरा अर्धा. बोअरच्या क्षारांनी मुळंही दुखावली असणार. पावसाचं नाहीतर एसीचं पाणी हवं, असं नुसतं बोलले होते. आज काका बँकेच्या एसीखाली ठिबकलेलं पाणी कॅन भरून घेऊन आले. सायकलवर.

१९ ऑगस्ट
तिसराही वाळला. पण नव्या पानाच्या टोकाला शेंगदाण्याएवढा फुगवटा! हा एकच. टिकला तर ती जगली. काका माझ्याआधी बघून येतात.

१४ सप्टें.
झाकण उघडलं!! आत लाल ठिपके, काठ मधासारखा चकाकतोय. काय रूप आहे! काका नुसते बघत राहिले. "लय देखनी हाय हो."
तेवढ्यात काठावर मुंगी. गोल फिरली. पाय घसरला, सावरली. काकांचा हात पुढे झाला. मग त्यांनीच तो मागे घेतला, दोन्ही हात पाठीशी बांधले.
"म्याडम, तुमीच बघा. मी भायेर हाय."
गेले. मुंगी अजून काठावरच होती.