हप्त्याचं बोलायला गेलो त्याची हकिकत

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या तो उभ्याउभ्याच स्वीकारावा.) तुझा गुडघा कसा आहे? गोळ्या वेळेवर घेतेस ना? मी विमा एजंट झाल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. पण हे पत्र तुझ्या गळ्यात पॉलिसी मारण्यासाठी नाही, एवढं आधीच सांगतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

परीक्षा पास झालो, परवाना आला आणि विमा कंपनीच्या साहेबांनी मुलाखतीला बोलावलं. मी नियम घोकून गेलो होतो, त्यांनी एकच विचारलं, "नातेवाईक किती?" तुम्ही भावंडं, आईकडची भावंडं, त्यांची मुलं, सुना असं मोजत मी जावयांपर्यंत पोचायच्या आत माझी नेमणूक झाली. (आपल्या खानदानाचा कुणाला नोकरीसाठी उपयोग झाल्याची ही पहिलीच वेळ.) पगार मात्र नाही. गिऱ्हाइकानं हप्ता भरला की त्यातला काही भाग आपला. पहिल्या वर्षी बरा, पुढे दरवर्षी थोडाथोडा. त्यानं भरणं सोडलं की आपलंही बंद. म्हणजे समोरचा जितका जगेल तितकं माझं भलं, असा धंदा दुसरा कुठला आहे, तूच सांग. साहेब म्हणाले, उत्पन्नाला मर्यादा नाही. हे घरी सांगितल्यावर बाबांनी "मर्यादा वरून नाही की खालून?" एवढंच विचारलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. महिन्याच्या महिन्याला पगार देणारी कारकुनी सोडली, याचा राग. तेव्हापासून "त्याला सांग, चहा निवतोय" असं सगळं आईमार्फत चालतं, आणि मी त्यांच्या शेजारीच बसलेला असतो. हसू येतं, पण आत्या, खरं सांगू, फार लागतं.

म्हणून पहिलं गिऱ्हाईक नात्याबाहेरचंच करायचं ठरवलं आणि कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे गेलो. माझे डोळे आले होते, त्यामुळे काळा चष्मा होता. साहेबांनी शिकवलेली वाक्यं विसरू नयेत म्हणून दारातच एका दमात म्हणून टाकली. हप्त्याचं बोलायला आलोय. आज ना उद्या भरावाच लागेल. उद्याचं कुणी सांगावं? घरी बायको-पोरं आहेत तुमची. टायरवाल्यानं अर्धं शटर खाली ओढलं. मला वाटलं, निवांत बोलायला ओढलं. मग दोन दांडगे कारागीर हातात पाने घेऊन आले आणि त्यांनी मला एकावर एक रचलेल्या टायरांत कमरेपर्यंत उतरवलं. (कंबर तिथेच धरली.) परवाना दाखवला, तर त्यातल्या फोटोत मी चष्म्याशिवायही गुंडच दिसतो. शेवटी टायरवाल्याची बायको आतून आली. तिनं परवाना दोन्ही बाजूंनी वाचला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम हसू आवरून नवऱ्याला म्हणाली, "मी मघाशी खरंच घाबरले होते हो. तुम्हाला काही झालं असतं तर?" आणि तिनंच त्याला अर्ज भरायला बसवलं. साक्षीदार म्हणून पानेवाल्यानं सही केली. कमिशन अजून हातात यायचंय, पण मी रस्त्यानं ताठ चालत घरी आलो. (वाकता येतच नव्हतं.)

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुला दीर्घायुष्य, यात माझा काही स्वार्थ नाही.

तुझा भाचा

ता. क. टायरवाल्यानं मला उधारी वसूल करायची पगारी नोकरी देऊ केली आहे. तसे गुण माझ्यात आहेत म्हणतो. मी नको म्हणालो. हे बाबांना कळवू नकोस.

आणखी ता. क. खरं काम आता लिहितो. ही हकिकत आईला सांगत होतो तेव्हा बाबा पेपरामागे होते आणि पेपर हलत होता. मग तो खाली आला, आणि आईकडे न बघता थेट मला विचारलं, "माझ्या वयाच्या माणसाचा विमा निघतो का रे?" उत्तर पाठ होतं, पण सवयीनं मी आईलाच म्हणालो, "त्यांना सांग, निघतो." आता अडलंय ते वयापाशी. शाळेतली तारीख आजोबांनी अंदाजे सांगितलेली, तेव्हा त्यांची खरी जन्मतारीख तूच कळव, ते जन्मले तेव्हा तू घरात होतीस म्हणे. आजवर सांगत आलीस तशी तू त्यांच्याहून धाकटी नाहीस हे त्यावरून उघड होईल, याची मला कल्पना आहे. मी कुणाला बोलणार नाही. बाबा बोलतील, पण त्यांना थांबवायला मला सांगू नकोस.