बाबांचा मोठा गुण्या

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन दीड महिना होऊन गेला. खुर्च्यांच्या कारखान्यात बोटं कापून घेतलीस की काय, असं आई विचारते. मी तिला सांगितलं, त्याची बोटं शाबूत आहेत, आळस तेवढा वाढलाय.

बातमी मोठी आहे, बसून वाच. नव्या वाचनालयाच्या छपराचं काम मला मिळालंय. अकरा वर्षांनी आपल्या घरातल्या माणसाला कुणीतरी छप्पर दिलं! गोदामाचं छप्पर कोसळून कौलवाले काका गेले, त्यानंतर बाबा मरेपर्यंत स्टुलं आणि पाटच करत बसले, हे गावातला एकही माणूस विसरलेला नाही. वाचनालयाच्या चिटणीसबाईंनी तर तोंडावर विचारलं, वडिलांसारखं नाही ना होणार. मी म्हटलं, माझे डोळे चांगले आहेत.

काटकोन आखायचा माझा छोटा गुण्या दारं-खिडक्यांपुरता ठीक आहे. वाशांना मोठाच लागतो. म्हणून बाबांची पेटी उपसली, तर तळाशी मेणकापडात गुंडाळलेला त्यांचा जुना लोखंडी गुण्या सापडला. हातभर लांब भुजा, आणि तिच्यावर प्रत्येक उताराचे आकडे त्यांनी स्वतः ठोकलेले. वासा आढ्याला टेकतो तिथला काप आणि भिंतीवर बसतो तिथली खाच, दोन्हीच्या खुणा एका दमात होतात. उद्यापासून याच्यावरच काम सुरू.

आईचा गुडघा जैसे थे. ती तुझी आठवण काढते, मी काढत नाही. लोभ आहे, पण पत्र आलं तर वाढेल.

तुझी,
ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं आणि लगेच लिहायला बसलो आहे. काम मिळाल्याचा फार आनंद झाला. पण तो गुण्या वापरू नकोस. जुनी वस्तू आहे, गंज चढला असेल, आकडेही नीट दिसत नसतील. आमच्या कारखान्यात एक नवा कोरा पडून आहे. मुकादमाला विचारून तो उद्याच पार्सलनं पाठवतो. तो येईपर्यंत कृपा करून हात आवर. त्या गुण्यानं खुणा केलेला एकही वासा वर चढवू नकोस.

माझी बोटं दहाच्या दहा आहेत, हे आईला सांग. खोकला आहे थोडा, लाकडाच्या धुळीचा. काळजीचं कारण नाही.

ताई, एवढं माझं ऐक. रागावू नकोस.

तुझा,
बारक्या

१४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. आ.

पत्र वाचून आधी हसू आलं. ज्याला छपराचं नाव काढलं की घाम फुटतो, तो मला गुण्या शिकवतोय! पण तुझ्या अक्षराकडे पाहिलं आणि हसू गेलं. इतकं वाकडं तू तापातसुद्धा लिहीत नाहीस.

म्हणून गुण्या तपासला. सरळ कडेची फळी घेतली, गुण्या लावून रेघ मारली, मग तो उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी मारली. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकावर एक पडतात. इथे वरच्या टोकाला त्यांच्यात बोट शिरेल एवढी फट. कोपरा उघडलाय. कोपऱ्याच्या बाहेरच्या बाजूला हातोडीचे तीन घाव आहेत, कुणीतरी तो परत मिटवायला पाहिलंय. बाबा हत्याराला असं कधी मारत नसत.

बारा वासे कापून झाले होते. ते बाद. त्याचं काही वाटत नाही, लाकूड दुसरं मिळेल. मला एकच कळत नाही. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, त्याच्याही आधीपासून तू परगावी. हा गुण्या तेव्हापासून मेणकापडातच असणार. तो बिघडलाय हे तुला कसं माहीत?

घुमवून-फिरवून लिहू नकोस. मला ते वाचवत नाही.

ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

हे पत्र आईला वाचून दाखवायचं की नाही, तू ठरव.

गोदामाच्या कामाला आठवडा झाला होता. शिडीवरून उतरताना गुण्या माझ्या हातून निसटला आणि दगडी पायरीवर कोपऱ्यावर आपटला. बाबा लाकूड आणायला गेले होते. मी तो हातोडीनं मिटवला, डोळ्यांना सरळ दिसला, परत खुंटीला टांगला. त्या वर्षी बाबांना मोतीबिंदू होता, हे तुला आठवत असेल. नमुन्याचा वासा त्यांनी मला आखायला सांगितला. मी आखला, आणि बाकीचे सगळे त्याच्यावर बेतून कापले गेले.

पहिली जोडी चढवली तेव्हाच मला दिसलं. आढ्याशी वर टेकत होते, खाली फट होती. बाबांनी खालून विचारलं, नीट बसले का. मी म्हटलं, चपखल. ताई, तो एक शब्द. मग प्रत्येक जोडीत मी पाचरी ठोकल्या, सरसात भुसा कालवून भेगा बुजवल्या आणि वरून रंग फिरवला. कौलांचं वजन येईपर्यंत सगळं टिकलं.

चौकशीला बाबा उभे राहिले आणि म्हणाले, खुणा माझ्या हातच्या. मी मागच्या बाकावर बसलो होतो. मला उठता आलं असतं.

पुढे लिहवत नाही.

बारक्या

२ मार्च

बारक्या,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तेव्हा तो सोडून लिहिते.

आठवडाभर मी हे पत्र मनात लिहीत होते. तुझ्या लक्षात आलंय का कोण जाणे, बाबांना ठाऊक होतं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा तो गुण्या तपासला असणार, मग गुंडाळून तळाशी ठेवला आणि पुन्हा कुणाच्या हाती लागू दिला नाही. तुला कधी बोलले नाहीत. मलाही नाही.

आणि मी काय केलं ते ऐक. मी त्यांना माझ्या कामात शेवटपर्यंत एक खूणही करू दिली नाही. ते पेन्सिल कानावर ठेवून येऊन उभे राहायचे. मी म्हणायची, बाबा, तुम्ही बसा. एकदा गिऱ्हाइकासमोर म्हणाले मी, तुमच्या खुणांनी एक माणूस गेलाय. त्यांनी पेन्सिल काढून माझ्या पाटावर ठेवली आणि घरात गेले. हे मी तुझ्यावर ढकलणार नाही, जीभ माझीच होती. पण ती खोटं बोलली ती तुझ्यामुळे.

आईला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, ह्यांना माहीत होतं का. हो म्हटल्यावर भिंतीकडे तोंड करून निजली. दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी बोलते. तुझं नाव घेत नाही.

काल कौलवाल्या काकूंकडे गेले. काकांच्या मागे त्या एकट्याच असतात. त्यांनी दारात उभं ठेवून ऐकलं. म्हणाल्या, तुझे वडील दर वर्षी माझ्या दाराशी यायचे, काही दुरुस्ती आहे का विचारायला, आणि दर वेळी मी तोंडावर दार लावलं. मग म्हणाल्या, बहिणीला कशाला पाठवलं त्यानं. त्याला यायला सांग.

तर ये.

ताई

१७ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

मी आलो तेव्हा तू वाचनालयाच्या छपरावर होतीस आणि खाली उतरली नाहीस. तुझी चूक नाही. खालून वासे पाहिले, छान बसलेत. आईनं पाणी दिलं आणि आत निघून गेली. पुढे काय झालं ते तुला समोरासमोर सांगता आलं नाही, म्हणून परत आल्यावर लिहितो आहे.

आधी चौकशी झाली होती त्या कचेरीत गेलो आणि सगळं लिहून दिलं. कारकुनानं कागद ठेवून घेतला. म्हणाला, फाइल कधीच बंद झाली, कागद आत लावून ठेवतो. बाबांचं नाव त्यातून निघेल असं दिसत नाही.

मग काकूंकडे. त्यांनी मला आत बसवलं. मी तुला लिहिलं होतं तसंच सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. एकच विचारलं. तू तिथे होतास, तर ते शेवटी काही बोलले का?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, ताई, तुलाही नाही. मी छपराच्या बरोबर खाली होतो. काका वर भिंतीच्या कडेला होते. आढं फाटताना त्यांना आधी दिसलं. दोन पावलं मागे गेले असते तर भिंतीवर उभे राहून वाचले असते. त्याऐवजी ते पुढे वाकले आणि माझं नाव घेऊन ओरडले की बाहेर पळ. मी पळालो. मागे वळून पाहिलं तेव्हा छप्पर नव्हतं.

काकू मग म्हणाल्या, मला सगळ्यांनी सांगितलं होतं की त्यांना तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही. मग म्हणाल्या, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. किती मोठ्यानं ओरडले, ते विचारलं. आवाज घाबरलेला होता का, ते विचारलं. मी म्हटलं, नाही, कामावर हाक मारायचे तसाच होता. त्यांनी चार वेळा सांगायला लावलं, आणि चारही वेळा डोळे मिटून ऐकलं.

शेवटी म्हणाल्या, आता जा. परत ये म्हणाल्या नाहीत, येऊ नकोस असंही म्हणाल्या नाहीत. मी उंबरा ओलांडला तरी त्यांनी दार लावलं नाही.

लोभ असावा असं लिहायचा हक्क मला राहिलेला नाही. पण पत्र दुसऱ्या कशानं संपवतात ते मला येत नाही.

बारक्या