वावर नावाचं गाव

१२ जून
मुली यायला अजून वेळ आहे, कागद मात्र आधीच आले. वसतिगृहांच्या धान्यखरेदीत स्थानिक शेतमालाला प्राधान्य द्यायचं, असा आदेश. साहेबांनी बैठकीत मोठ्यानं वाचला. मग फोटोसाठी पुन्हा वाचला. (साहेब लिहिण्यात शाई जाते, यापुढे नुसतं सा.) फोटोत मी डाव्या टोकाला, अर्धी कापलेली. गृहपालाला तेवढंच मिळतं.

तरी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लगेच विमलला फोन. मोताळ्याकडे माझ्या माहेरच्या गावात तिचा नऊ बायांचा गट आहे, स्वतःची तूर, डाळीचं छोटं मशीन. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर.
"खरं सांगून राह्यली का व सुजे?"
"कागद हातात आहे माझ्या."

१९ जून
विमल आणि रुखसानाबी एस.टी.नं आल्या. स्टीलच्या डब्यात नमुन्याची डाळ. अर्ज रुखसानाबीनं भरला. तिचं अक्षर गटात सगळ्यांत चांगलं, म्हणून हिशेबाची वही पण तिच्याकडे. मी मुद्दाम बाहेर व्हरांड्यात उभी. ओळखीतल्या बायांना मदत केली असं नको कोणी म्हणायला. ऑफिसात विमल मला 'मॅडम' म्हणते, तेही न हसता. बसस्टँडवर पोचलो की सुजी.

सगळी तूर भरडून टाकलीये म्हणाली. अकरा पोती डाळ. "बजारात तूर इकलीच नाई व, तुह्या भरोशावर."
तुह्या भरोशावर. घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

२७ जून
आज डाळीच्या निविदांचे लिफाफे उघडले. समितीत मी पण. लिहायची इच्छा नाही, पण लिहिते.

रकाना सात : मालाचे उगमस्थान. व्यापारी शेटजींनी लिहिलं होतं 'बुलढाणा'. त्यांचं गोदाम इथं आहे म्हणून. गोदामात काय उगवतं ते त्यांनाच ठाऊक. बायांनी लिहिलं होतं 'आमच्या वावरात'.

सा. पुण्याकडचे. कागद लांब धरून म्हणाले, "वावर? म्हणजे येणं-जाणं ना? मालाचा वावर कुठे असतो हे आपण विचारलेलंच नाही!" हशा. कारकून इथलाच, त्याच्या बापाचं दहा एकर वावर आहे. तोही हसला आणि इतिवृत्तात लिहिलं : वावर नावाचे गाव तालुक्यात आढळत नाही, सबब अपात्र.

मीही हसले. दात दिसतील इतकं हसले.
वावर म्हणजे शेत, सर. चार शब्द होते. आले नाहीत तोंडात. चहा आला, तो प्यायले.

२८ जून
सकाळी एकटीच सा.कडे गेले. सांगितलं. "अहो, ते मला नंतर कळलं," म्हणाले, "पण आता इतिवृत्त झालंय ना." म्हणजे कळलं होतं. मग तर जास्तच शिसारी आली.

विमलला फोनवर सांगितलं. रकान्याचं सांगितलं, हसल्याचं नाही.
"मंग काय लिवाचं होतं? डाळ वावरात नाई त काय दुकानात पिकते?"
"गावाचं नाव लिहायचं होतं."
"गावात घरं असतेत व. तूर वावरातच असते."
यात चूक काढून दाखवा कोणीतरी.

११ जुलै
मुली आल्या. पाठोपाठ शेटजींची पहिली गाडी. प्रत्येक पोत्यावर नवंकोरं लेबल, 'स्थानिक उत्पादन', खाली हिरवं पान.

दुपारी सुमनताईंनी (आमच्या स्वयंपाकीण) एक पोतं रिकामं करून झटकलं, उलटं केलं, आणि मला हाक मारली. "मॅडम, आतली बाजू बाहेर करून शिवलंय हे." आत इंग्रजी अक्षरं. समुद्रापलीकडच्या देशाचं नाव. मग आणखी तीन पोती बघितली. तिन्ही तशीच.

शेटजींना फोन. "पोतं जुनं वापरतो मॅडम, डाळ इथलीच हाये."
"कोणाच्या शेतातली?"
"आता तुमी भी कमाल करता. स्थानिक म्हंजे मी स्थानिक. आजा-पणज्यापासून बुलढान्यातच हावो आमी."

पोच-कागदावर छापलंय : माल स्थानिक असल्याची खात्री केली. खाली माझी सही हवी. नाही केली.

१७ जुलै
सा.नी बोलावलं. "एका शब्दासाठी सही अडवून धरू नका. शब्दांत फार अडकू नये माणसानं." हे कोण म्हणतंय! मग त्यांनी बदल्यांची यादी निघणार असल्याचं, साखर ढवळता ढवळता, सहज सांगितलं.

परत येऊन पोच-कागदावर लिहिलं : 'मालाचा उगम पडताळता आला नाही.' सही नाही. पाठवून दिला. आज बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं. डाळ सोडून.

२५ जुलै
कागद जसाच्या तसा परत. माझ्या ओळीवर पांढरी शाई. सहीची जागा पेन्सिलीनं गोल करून दिलीये, मला दिसत नसेल म्हणून.

वाढताना एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमी वरण काऊन नाई घेत?" पित्ताचं कारण दिलं. मुलींशी पण खोटं आता.

२ ऑगस्ट
विमल आली. न कळवता. खोलीत दोघीच होतो, तरी 'मॅडम' म्हणाली. बसली नाही.

डाळीला कीड लागायला लागलीये. शेटजींचा माणूस गावात आला होता, अकराच्या अकरा पोती घेतो म्हणतो. त्याच्या पोत्यात, त्याच्या लेबलाखाली, आमच्याच वसतिगृहासाठी. मी म्हटलं, आणि तू हो म्हणालीस?
"न म्हनून काय करू? पन माल उचलून नाई राह्यला त्यो. म्हन्ते, पयल्या गाडीवर मॅडमची सही होऊ द्या, मंग दुसरी भरतो."
"ती पहिली डाळ आपली नाही विमल. इथली नाहीच ती."
"मले मालूम हाये. दुसरी त राहीन ना. नाव कोनाचं बी असो, पोरी आपली डाळ खातीन." मग जरा थांबून, "करून टाक सुजे."

पाणी दिलं, घेतलं नाही. दारात वळली.
"त्या दिशी लिफाफे फोडले, तवा तू होती ना तिथं?"
"होते."
"मंग सांगतलं काऊन नाई त्याहिले, वावर म्हंजे काय ते?"
मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. मान वर केली तेव्हा ती फाटकाबाहेर पडली होती.

म्हणजे असं. दुसरी गाडी खरी यावी म्हणून पहिली खरी होती असं मी लिहून द्यायचं. नाही दिलं तर मी स्वच्छ, आणि अकरा पोत्यांचा भुसा. या सगळ्यांची किळस येते, आणि त्यात मी पहिल्या रांगेत.

आत्ताच शेटजींचा फोन. उद्या अकराला कागद घ्यायला माणूस पाठवतो म्हणाले.
पाठवा म्हटलं. कागद समोर आहे, पेन्सिलीचा गोल अजून रिकामा.